सफरचंद आणि सायडरमध्ये मंद शिजवलेलं पोर्क: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या पश्चिमेकडचे सॉमरसेट, हेरफर्डशर हे परगणे आणि खाडीपलीकडचं फ्रान्समधलं नॉर्मंडी हे सगळे सफरचंदांच्या बागांचे प्रदेश. तिथे डुकराचं मांस, सफरचंद आणि सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय) हे तिन्ही एकाच भांड्यात येतात. नॉर्मंडीत या बागांमध्ये झाडांखाली गाई चरायला सोडायची जुनी पद्धत आहे, म्हणून तिथल्या रश्श्यात शेवटी क्रीम पडतं. इंग्लंडमध्ये बहुधा मोहरी आणि सेजची पानं पडतात. कृती दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. मांस लाल करायचं, सायडर ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि तीन तास वाट बघायची.

हात बसलेला नसला तरी हा पदार्थ जमतो. बिघडतो तो बहुतेक वेळा बाजारात, कारण चुकीचा तुकडा, चुकीची बाटली किंवा चुकीचं सफरचंद घरी येतं. म्हणून खाली खरेदीवर जास्त लिहिलं आहे.

लागणारं साहित्य (५ ते ६ जणांसाठी)

- पोर्कचा खांदा, हाडाशिवाय: १.५ किलो
- बारीक मीठ: १८ ग्रॅम (सपाट ३ चहाचे चमचे)
- काळी मिरी, जाडसर कुटलेली: १ चहाचा चमचा
- तेल १ मोठा चमचा, लोणी ४० ग्रॅम
- कांदे: २ मोठे, उभे चिरून
- लीकचा पांढरा भाग: १ (नसेल तर आणखी एक कांदा)
- लसूण: ४ पाकळ्या, ठेचून
- मैदा: दीड मोठा चमचा
- ड्राय सायडर: ५०० मिली
- चिकन स्टॉक, बिनमिठाचा: २५० मिली
- थाइमच्या ४-५ काड्या, सेजची ६-७ पानं, तमालपत्रं २ (याबद्दल पुढे)
- आंबट सफरचंद १, घट्ट खायचं सफरचंद २
- दिजों मोहरी (मोहरीची तयार फ्रेंच पेस्ट, दाणे नव्हेत): १ मोठा चमचा
- हवं असल्यास घट्ट क्रीम: १०० मिली

भांडी: जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं, ४ ते ५ लिटरचं पातेलं. मुलामा दिलेलं बिडाचं असेल तर उत्तम, जाड बुडाचं स्टीलचंही चालतं. साधं ॲल्युमिनियम आणि बिनमुलाम्याचं लोखंड टाळा. सायडर आंबट असतं. तीन तासांत ते धातूशी खेळतं आणि रश्श्याला धातूची चव येते. याशिवाय चिमटा, लाकडी उलथणं आणि बटर पेपर लागेल. मांसाचा थर्मामीटर असला तर बरं, पण त्यावाचून अडत नाही.

१. मांस: खांदाच घ्या

खांद्यात चरबीच्या रेषा आणि कोलॅजन (स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) भरपूर असतं. हे कोलॅजन ७० अंश सेल्सिअसच्या पुढे बराच वेळ राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. त्यातूनच रस्सा ओठाला चिकटतो आणि मांस काट्याने सुटतं. पाठीचा तुकडा, म्हणजे लॉइन, दिसायला देखणा आणि महागही. पण त्यात विरघळायला काहीच नसतं, त्यामुळे तीन तासांनी हातात चोथा येतो. मांडीचंही थोडंफार तेच. 'जरा कमी चरबीचं द्या' ही सवय या पदार्थापुरती बाजूला ठेवा. सुटलेली चरबी शेवटी काढूनच टाकायची आहे.

ब्रिटनमध्ये खांद्याचे तुकडे 'शोल्डर', 'नेक एंड' किंवा 'कॉलर' या नावांनी मिळतात, अमेरिकेत 'बॉस्टन बट' मागा, फ्रान्समध्ये 'एशीन'. मुंबई, वसई आणि गोव्यात विक्रेता न विचारता हाडासकट रश्श्याचे बारीक तुकडे करून देतो. सुरी हातात घेण्याआधीच सांगा, "तोडू नका, खांद्याचा अख्खा तुकडा द्या, हाड काढून." हाड मात्र मागून घ्या आणि पातेल्यात टाका. रस्सा दाट होतो.

ब्रिटनच्या सुपरमार्केटमध्ये खांदा बऱ्याचदा कातडीसकट, गुंडाळून दोऱ्याने बांधलेला असतो. तो ओव्हनमध्ये कोरडा भाजण्यासाठी असतो. आपल्याला दोरा सोडायचा आहे आणि कातडी काढायची आहे, कारण रसात ती रबरासारखी होते. काढलेली कातडी टाकू नका. पुसून, मीठ चोळून २२० अंशांवर २५-३० मिनिटं वेगळी भाजली की कुरकुरीत होते आणि वाढताना वर चुरडता येते. कातडीखालच्या चरबीचा अर्धा सेंटिमीटर थर मांसावर राहू द्या.

मांसाचे चार मोठे तुकडे करा, प्रत्येकी साधारण ७ सेंटिमीटरचे. बारीक तुकडे लवकर शिजतात, पण बाहेरून भुगा होतो आणि आत मुरत काही नाही.

२. सायडर: बाटली नीट वाचा

सर्वात मोठा घोळ इथे होतो. आपल्याकडच्या किराणा दुकानात 'ॲपल सायडर' म्हणून जी बाटली समोर येते ती व्हिनेगरची असते. ते ५०० मिली ओतलं तर सगळं भांडं फेकावं लागेल. आपल्याला हवं आहे ते सफरचंदाचा रस आंबवून केलेलं, साधारण ४ ते ६ टक्के अल्कोहोलचं पेय. अमेरिकेत त्यालाच 'हार्ड सायडर' म्हणतात. तिथे नुसतं 'सायडर' म्हणजे न आंबवलेला, गढूळ, गोड रस. म्हणून कृती कुठल्या देशातली आहे ते आधी पाहा.

ब्रिटिश बाटलीवर 'ड्राय' आणि फ्रेंच बाटलीवर 'ब्रूट' शोधा. 'स्वीट' किंवा 'दू' घेऊ नका, कारण आटल्यावर गोडी दुपटीने वाढते आणि सफरचंदाची स्वतःची साखर त्यात भर घालते. स्ट्रॉबेरी वगैरे स्वादाचं तर मुळीच नको.

सॉमरसेट-हेरफर्डशर भागातलं पारंपरिक सायडर खास सायडरसाठीच लावलेल्या सफरचंदांचं असतं. त्यांत टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) जास्त. केंट, सफोककडचं सायडर खायच्या आणि शिजवायच्या सफरचंदांचं, हलकं आणि जास्त आंबट. प्यायला पहिलं भारी, पण आटवल्यावर ते कडवट होऊ शकतं. बाटली उघडल्यावर एक घोट घ्या. जीभ तुरट होऊन ओढल्यासारखी वाटली तर १५० मिली कमी घाला आणि तेवढा स्टॉक वाढवा.

सायडर मिळालंच नाही, किंवा घरात अल्कोहोल नको असेल, तर बिनसाखरेचा सफरचंदाचा रस ४०० मिली आणि त्यात ॲपल सायडर व्हिनेगर २ मोठे चमचे, असं घ्या. आंबवल्याची खोली त्यात येत नाही, पण गोड-आंबटाचा तोल साधतो. पोर्कच्या चरबीला आंबट लागतंच. गोव्याच्या व्हिंदालूत आणि सोरपोतेलमध्ये व्हिनेगर हेच काम करतं. एक सांगून ठेवतो: सायडर तीन तास शिजलं तरी अल्कोहोलचा थोडा अंश उरतो. ज्यांना तो अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी रस-व्हिनेगरचाच मार्ग धरा.

३. सफरचंद: दोन जातींची, दोन वेळांना

एकच सफरचंद सुरुवातीला टाकून तीन तास शिजवलं तर त्याचा लगदा होतो आणि ताटात फोड दिसत नाही. सगळी शेवटी टाकली तर रश्श्यात सफरचंद उतरत नाही. म्हणून काम वाटून द्या.

रश्श्यात विरघळायला आंबट सफरचंद. ब्रिटनमध्ये त्यासाठी ब्रॅमली आहे. मोठं, हिरवं, कच्चं खाववत नाही इतकं आंबट, आणि शिजलं की फेसासारखं विरतं. याचं पहिलं झाड नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बीपासून लावलेलं. नाव मात्र पुढे ते घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅमलीचं लागलं.

ताटात दिसायला घट्ट सफरचंद: कॉक्स किंवा ब्रेबर्न. भारतात ग्रॅनी स्मिथ, म्हणजे फळवाल्याकडचं हिरवं सफरचंद, दोन्ही कामं निभावतं. रश्श्यासाठी एक किसून घाला आणि दोनाच्या फोडी ठेवा. लाल डिलिशस जातीचं सफरचंद गोड आणि रवाळ असतं, त्यात आंबटपणा जवळजवळ नाही. तेच वापरायची वेळ आली तर शेवटी अर्ध्या लिंबाचा रस लागेल.

४. आदल्या रात्री मीठ

तुकड्यांना सगळं मीठ आणि मिरी चोळून, न झाकता, फ्रीजमध्ये सर्वात खालच्या कप्प्यात ठेवा. मीठ आत जातं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. वेळ नसेल तर निदान एक तास आधी तरी चोळा.

आपल्याकडे मांस धुतल्याशिवाय चैन पडत नाही. धुणार असाल तर मीठ लावण्याआधी धुवा, कापडाने अगदी कोरडं करा आणि सिंक लगेच साफ करा. ओलं मांस लाल होत नाही, ते वाफेवर पांढरं पडतं.

५. मांस लाल करणं

ओव्हन १५० अंशांवर लावा (पंख्याचा असेल तर १३०, गॅस ओव्हन असेल तर २ नंबर). पातेलं मध्यमपेक्षा थोड्या जास्त आचेवर तापवा, तेल घाला. तेल पातळ होऊन हलकं लाटांसारखं दिसू लागलं की दोनच तुकडे ठेवा. चारही एकदम ठेवले तर भांडं थंडावतं, पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी उकडणं सुरू होतं.

आता हात आवरा. ४-५ मिनिटं तुकडा हलवायचा नाही. तयार झाला की तो बुडापासून आपसूक सुटतो. चिकटून बसला असेल तर अजून वेळ झालेला नाही. सगळ्या बाजू गडद तपकिरी करा. पूर्ण कामाला २० मिनिटं लागतात आणि ती वाचवण्यात अर्थ नाही, कारण नंतरच्या तीन तासांत रंग वाढत नाही.

बुडाला तपकिरी थर बसेल. रश्श्याची निम्मी चव त्यात आहे. तो काळा झाला असेल तर मात्र दया दाखवू नका. भांडं धुवा आणि नवीन तेलावर पुढे जा. करपल्याचा कडवटपणा सायडरने झाकत नाही, उलट उठून दिसतो.

काही कृतींत मांस मैद्यात घोळवून भाजायला सांगतात. टाळा. मांस लाल होण्याआधी मैदा जळतो. मैद्याची जागा पुढच्या पायरीत आहे.

६. कांदा, मैदा, सायडर

मांस ताटात काढा. पातेल्यात एक मोठा चमचा चरबी ठेवून बाकीची ओता. आच कमी करून २० ग्रॅम लोणी, कांदा आणि लीक घाला. १०-१२ मिनिटांत कांदा मऊ आणि सोनेरी झाला पाहिजे, भाजीच्या फोडणीइतका लाल नको. लसूण घाला, अर्ध्या मिनिटाने मैदा भुरभुरवा आणि दोन मिनिटं परता.

आधी १०० मिलीच सायडर ओता आणि लाकडी उलथण्याने बूड खरवडा. थर सुटला, गुठळ्या मोडल्या की उरलेलं सायडर घालून झाकण न लावता उकळा. एकूण तिसरा हिस्सा आटू द्या, साधारण ६-८ मिनिटं. वास घ्या. आधी नाकात झोंबणारा दारूचा वास येतो, तो जाऊन सफरचंदाचा राहिला की स्टॉक घाला.

स्टॉक क्यूबचा असेल तर अर्धाच क्यूब वापरा. मांसाला मीठ लागलेलं आहे आणि रस्सा अजून आटायचा आहे. इथे बरोबर वाटणारं मीठ शेवटी खारट होतं.

७. झाकण आणि ओव्हन

मांस, हाड, आंबट सफरचंदाच्या सोललेल्या फोडी, थाइम आणि सेज घाला. वाळलेली सेज असेल तर अर्धा चहाचा चमचा पुरे. कृतींतलं युरोपीय तमालपत्र आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातलं वेगळं आहे. आपल्या पानावर लांबीने तीन शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. तेच असेल तर एकाचा अर्धा तुकडा घाला, नाहीतर सोडून द्या.

रस मांसाच्या निम्म्या उंचीपर्यंतच हवा. बुडेपर्यंत भरलात तर ते उकडलेलं मांस होईल. वर बटर पेपर थेट टेकवून ठेवा आणि मग झाकण. झाकण सैल असेल तर दम देताना लावतात तशी कडेने कणीक लावा. फॉइल वापरणार असाल तर ती रसाला टेकू देऊ नका.

१५० अंशांवर अडीच ते तीन तास. दर तासाने तुकडे उलटे करा, एरवी उघडू नका. पहिल्यांदा उघडाल तेव्हा बुडबुडे बघा. एक-दोन सेकंदांनी एखादा आळसावलेला बुडबुडा आला पाहिजे. खळखळ उकळत असेल तर १० अंश कमी करा. ओव्हनचा काटा आणि आतलं तापमान यांचं जमेलच असं नाही, म्हणून काट्यापेक्षा बुडबुड्यांवर भरवसा ठेवा.

ओटीजी असेल तर आदल्या दिवशीच रिकामं पातेलं झाकणासकट आत बसतं का ते बघून ठेवा, आणि खालची सळई चालू ठेवा. ओव्हनच नसेल तर सर्वात छोट्या बर्नरवर लोखंडी तवा, त्यावर पातेलं आणि आच अगदी बारीक. दर अर्ध्या तासाने बुडाला लागलंय का पाहा.

८. शिजलं कधी समजायचं

दीड तासाने मांस टोचून पाहिलं तर ते कडक लागेल, कच्च्यापेक्षाही कडक. इथे बरेच जण 'जास्त शिजलं' म्हणून घाबरून गॅस बंद करतात. खरं तर तेव्हा स्नायू आकसलेले असतात आणि कोलॅजन अजून सुटायचं असतं. झाकण लावा आणि थांबा. काटा घालून फिरवल्यावर मांस विनातक्रार सुटलं की झालं. थर्मामीटरवर आतलं तापमान ९० ते ९५ अंश दिसेल. सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या तापमानाच्या हे कितीतरी वर आहे, त्यामुळे जंतांची धास्ती घेऊन आणखी उकळत बसू नका.

९. रस्सा आणि फोडी

मांस अलगद काढून झाकून ठेवा. रस्सा दहा मिनिटं निवू द्या आणि वरचा तेलकट तवंग पळीने काढा. भरपूर निघेल. ही चरबी बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. बटाटे परतायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. घाई नसेल तर सगळंच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी चरबीचा पांढरा थर सहज उचलता येतो, आणि मांसही जास्त मुरतं. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच करा.

हाड, काड्या आणि पानं काढून टाका. रस्सा उघडा उकळून चमच्याच्या पाठीवर थर राहील इतका आटवा. मग आच बंद करून मोहरी घाला. मोहरीचा झणका उष्णतेने मरतो, म्हणून ती शेवटी. इंग्लिश मोहरी वापरत असाल तर एक चहाचा चमचाच, ती फार तिखट.

क्रीम घालायचं असेल तर तेही आच बंद केल्यावर. आंबट रश्श्यात कमी फॅटचं क्रीम फाटतं. ब्रिटनमधलं डबल क्रीम किंवा क्रेम फ्रेश टिकतं. भारतात टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं क्रीम असेल तर आधी वाटीत दोन पळ्या रस्सा मिसळून कोमट करा, मग ओता आणि पुन्हा उकळी आणू नका.

चव घ्या आणि मगच मीठ. आंबट वाटलं तर अर्धा चमचा मध. गोड वाटलं तर एक चहाचा चमचा व्हिनेगर. नुसतंच सपक लागत असेल तर बहुधा मीठच कमी आहे.

घट्ट सफरचंदांच्या सालासकट आठ-आठ फोडी करून उरलेल्या लोण्यात, पसरट तव्यावर, एका बाजूला ३ मिनिटं याप्रमाणे परता. कडा लाल, मधे अजून थोडा दात लागेल अशा. वाढताना मांसावर ठेवा. रश्श्यात आधीच टाकून ठेवल्या तर मऊ पडतात.

सोबत कुस्करलेला बटाटा आणि लोण्यावर परतलेला कोबी ही तिकडची रीत. गोव्याचा पोई किंवा साधा पावही रस्सा पुसायला उत्तम. भात मात्र इथे फिका पडतो.

१०. प्रेशर कुकरमध्ये करायचं असेल तर

जमतं, पण काही बदल करा. वाफ बाहेर जात नसल्याने रस कमी लागतो: आटवलेलं सायडर ३०० मिली, स्टॉक १०० मिली. मैदा आधी घालू नका, बुडाला लागतो. तुकडे ५ सेंटिमीटरचे करा, एक शिट्टी आल्यावर आच बारीक करून ३५-४० मिनिटं ठेवा. कुकर आपोआप निवू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर मांसातला रस एकदम उकळून बाहेर पडतो आणि तुकडे कोरडे होतात. नंतर रस्सा उघडा आटवा आणि दाटपणासाठी लोणी-मैदा समप्रमाणात मळून त्याची सुपारीएवढी गोळी विरघळवून दोन मिनिटं उकळा. मांस मऊ होईल. रंग आणि खोली ओव्हनइतकी येणार नाही.

११. उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, मोठं पातेलं तसंच न ठेवता उथळ डब्यांत. तीन दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये दोन महिने, पण तेव्हा क्रीम आणि परतलेल्या फोडी वगळून. गरम करताना झाकण ठेवून मंद आचेवर, दोन चमचे पाणी घालून, वाफा येईपर्यंत. थंड रस्सा जेलीसारखा घट्ट झालेला दिसेल. ते जिलेटिन आहे, गरम झालं की पुन्हा पातळ होतं. त्या दोन चमच्यांपलीकडे पाण्याची भर घालत बसू नका.